लेक पाठीवर, वाट उताराची

मूल घेऊन डोंगरात जायचंय, त्याला अंगाशी बांधायचा कॅरियर कोणता घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, उतरणार कुठून? चढण सगळ्यांच्या डोक्यात असते. दम लागेल का, वजन पेलेल का, पोर रडायला लागलं तर काय, हे सगळं चढणीचे प्रश्न. पण सह्याद्रीत पाय घसरतो तो उतरताना. मुरमाड सोंडेवर, शेवाळ धरलेल्या पायरीवर, उन्हाने वाळून निसरड्या झालेल्या गवतावर. अंगावर मूल असेल तर त्या एका पायावर दोघांचा जीव असतो. म्हणून आधी वाट बघावी, मग ज्याच्या अंगावर कॅरियर बसणार त्याची पाठ, आणि मुलाला त्यात काय आवडतं हे तिसऱ्या क्रमांकावर, असं माझं ठाम मत झालंय. आईच्या तोंडी हे कठोर वाटेल. तरी मुलाची काळजी मला याच क्रमात दिसते.

आम्ही दोघंही लग्नाआधीपासून किल्ले फिरणारे. लेक झाली तेव्हा ओळखीपाळखीच्या सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की आता काही वर्षं सॅक माळ्यावर. सासूबाई मात्र म्हणाल्या, "पोरीला न्या खुशाल, पण दोन्ही हात मोकळे ठेवून न्या." त्यांचं बालपण कोकणात गेलं. कातळावरून, व्हाळातून मुलं कडेवर घेऊन चालणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्यात, आणि एक हात कायम अडकलेला असला की तोल कसा जातो तेही पाहिलंय. पुढे मी बरंच वाचलं, वापरून पाहिलं, गडावर भेटलेल्या आईबाबांना थांबवून थांबवून विचारलं. पण कसोटी म्हणून ते वाक्य अजून पुरतं.

मान धरत नाही तोवर डोंगराचा विषयच नको. चार महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी खोल झोळीसारख्या स्लिंग वापरताना सांभाळा, असा जाहीर इशारा अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१० साली दिला होता. इतक्या लहान बाळाची मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट दबते, आणि अशा वेळी बाळ रडून सांगूही शकत नाही. पाय तर चालूच असतात, त्यामुळे चालणाऱ्याला काही कळत नाही. तेव्हा या वयात बाळ पोटाशी, उभं, घट्ट. खाली बघितलं की चेहरा दिसला पाहिजे, मान वाकवली की कपाळाचा मुका घेता आला पाहिजे, आणि हनुवटीखाली दोन बोटं सहज शिरली पाहिजेत. लांबच लांब ताणल्या जाणाऱ्या होजिअरीच्या कापडाचा, अंगाभोवती गुंडाळायचा रॅप या दिवसांत फार सुखाचा. पण तो घरासाठी, सोसायटीतल्या फेरीसाठी, सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या सपाट रस्त्यासाठी. बाळ सहा-सात किलोचं झालं की तेच कापड ओघळायला लागतं, आणि पाठीवर तर ते कधीच बांधू नये.

या सगळ्या वस्तू आपल्याला दुकानात खोक्यातून मिळतात, म्हणून त्या कुणा कंपनीच्या डोक्यातून निघाल्या असं वाटतं. तसं नाही. अ‍ॅन मूर नावाची अमेरिकन परिचारिका १९६० च्या दशकात पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक उपक्रमातून पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोला गेली होती. तिथल्या बायका कापडाने मूल पाठीशी बांधून सगळी कामं करतात आणि मुलं शांत असतात, हे तिने रोज पाहिलं. परत आल्यावर स्वतःच्या मुलीला तिने तसंच बांधून पाहिलं, पण मूल घसरायचं. मग तिने आईच्या मदतीने, ल्यूसी ऑकरमन तिचं नाव, पट्ट्यांची पिशवी शिवून घेतली. १९६९ साली तिला पेटंट मिळालं आणि 'स्नगली' बाजारात आली. जर्मनीत एरिका हॉफमन या जुळ्यांच्या आईने १९७२ मध्ये 'डिडिमॉस' सुरू केलं, तेही लॅटिन अमेरिकेतल्या बायका वापरतात तसल्या विणलेल्या कापडाच्या अनुभवावरूनच. पुढे २००३ मध्ये हवाई बेटांतल्या माउईवर करिन फ्रॉस्टने 'एर्गोबेबी' काढली. खांद्यावरचा भार कमरेवर नेणारा रुंद पट्टा आणि बकल असलेला आजचा मऊ कॅरियर घरोघर पोचला तो साधारण या काळापासून. टोगोतल्या त्या बायकांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. याची मला खंत वाटते, कारण मूळ शहाणपण त्यांचं.

आपल्याकडेही ते होतंच. ऊसतोडीच्या फडात बाभळीला बांधलेली झोळी, शेतावर निघालेल्या बाईच्या पाठीशी जुन्या लुगड्यात बसलेलं पोर, केदारनाथच्या वाटेवर कंडीत, म्हणजे पाठीवरच्या टोपलीत, बसवून नेलेली मुलं. आणि मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर कायम असलेलं चित्र झाशीच्या राणीचं. त्या चित्रात पाठीवर बहुतेक वेळा तान्हं बाळ काढतात. पण दामोदररावांचा जन्म १८४९ चा, आणि राणीने झाशी सोडली ती एप्रिल १८५८ मध्ये. म्हणजे पाठीवरचं मूल आठ-नऊ वर्षांचं होतं. त्या वयाचं मूल वीस किलोच्या आसपास तरी असणार. एवढं ओझं पाठीशी पक्कं बांधून, हात लगामाला मोकळे ठेवून घोडदौड. मला त्या चित्राचा अभिमान लहानपणापासून आहे; आई झाल्यावर त्या बांधणीबद्दलही आदर वाटायला लागला.

मांडीचं बघा आता. बाळाचे पाय सरळ खाली लोंबकळतायत आणि सगळा भार जांघेतल्या अरुंद पट्टीवर आहे, असले कॅरियर अजूनही बाजारात ढिगाने आहेत, स्वस्तही आहेत. ते घेऊ नका. खुब्याच्या सांध्यासाठी काम करणाऱ्या इंटरनॅशनल हिप डिस्प्लेशिया इन्स्टिट्यूटचं सांगणं असं की पहिल्या काही महिन्यांत मांड्या फाकलेल्या, गुडघ्यापर्यंत आधार मिळालेल्या आणि गुडघे बुडापेक्षा थोडे वर असावेत. आपण मूल कडेवर घेतो तेव्हा ते आपोआप असंच बसतं. तेव्हा कॅरियर हातात घेतला की आधी बैठकीचं कापड बघायचं. मुलाच्या एका गुडघ्यामागून दुसऱ्या गुडघ्यामागे पुरतंय का? काहींमध्ये ती रुंदी कमीजास्त करता येते, आणि असा कॅरियर दीड-दोन वर्षं जास्त साथ देतो. हातमागाच्या सुती कापडाचे आपल्याकडे बनणारे 'सोल' आणि 'अनमोल'चे कॅरियर मला आपल्या हवेला फार मानवणारे वाटतात. घाम टिपतात, अंगाला बोचत नाहीत. भिजले की मात्र जड होतात आणि लवकर वाळत नाहीत, हेही खरं.

आता फ्रेमच्या कॅरियरकडे येते, कारण गडावर लोक थांबून बघतात तो तोच. अॅल्युमिनियमची फ्रेम, आत खुर्चीसारखी बैठक, मुलाला पाच पट्ट्यांचा बंद, डोक्यावर छप्पर, खाली सामानाचा कप्पा. 'डॉयटर' आणि 'ऑस्प्रे' या त्यातल्या जाणत्या कंपन्या. वस्तू उत्तम असतात, यात शंका नाही. आपल्याकडे किंमत वीस हजारांच्या वर जाते. पण मला आक्षेप आहे तो किंमतीवर नाही, वजनावर आणि उंचीवर.

वजन आधी. रिकाम्या फ्रेमचंच वजन तीन-सव्वातीन किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याप्रमाणे मुलींचं मध्यक वजन एक वर्षाला ८.९ किलो, दोन वर्षांना ११.५, तीन वर्षांना १३.९, मुलगे थोडे पुढे. दोन वर्षांची मुलगी, दोन लिटर पाणी, डायपर, कपड्यांचा एक जोड, खाऊचा डबा, टॉवेल असं धरलं की पाठीवर सतरा-अठरा किलो चढतात. कंपन्या मुलासकट सगळ्या ओझ्याची मर्यादा साधारण बावीस किलोच्या आसपास देतात, म्हणजे कागदावर आपण मर्यादेत असतो. माणसाची मर्यादा मात्र त्याच्या गुडघ्यांवर लिहिलेली असते. तो खालचा कप्पा फार मोह घालतो. "हेही टाकू, तेही टाकू" होतं. आमच्याकडे नियम आहे की मूल ज्याच्या पाठीवर, त्याच्याकडे सामान नाही. पाणीसुद्धा दुसऱ्याकडे.

आणि उंची. फ्रेममध्ये मूल उंच बसतं, चालणाऱ्याच्या डोक्याच्या बरोबरीने किंवा थोडं वरही. युरोपातल्या मोकळ्या कुरणांवर यासारखं सुख नाही, मुलाला सगळं दिसतं. आपल्या वाटा मात्र कारवीतून, करवंदीच्या जाळ्यांतून जातात. मोठा माणूस फांदी दिसली की नकळत वाकतो, आणि तो वाकला की मूल पुढे झुकतं, नेमकं फांदीच्या तोंडी. करवंदीचा काटा डोळ्याच्या जवळून गेलेला मी पाहिलाय, दुसऱ्या कुणाच्या मुलाच्या. त्या बाबांना कळलंही नव्हतं. मागून चालणाऱ्या बाईंनी ओरडून सांगितलं. फ्रेम घेतलीच असेल तर मागे दुसरं मोठं माणूस असलंच पाहिजे, आणि त्याचं काम एकच, वरची फांदी बघणं.

एक गोष्ट या कॅरियरबद्दल सगळ्यांना सांगावीशी वाटते. खालचा पाय उघडला की तो जमिनीवर उभा राहतो, म्हणून लोक मुलाला त्यात बसवून फोटो काढायला चार पावलं लांब जातात. तो पाय मुलाला चढवण्या-उतरवण्यापुरता असतो. एक हात फ्रेमवर हवाच. गडावरची जमीन सपाट नसते, आणि मूल आत बसून जोरात मागे रेललं की सगळं उलटतं.

सह्याद्रीसाठी माझी पसंती मग मऊ बकल कॅरियरला, आणि तोही पाठीवर. पोटावर मूल असलं की आपल्याला आपली पावलं दिसत नाहीत. सपाटीवर चालतं, पायऱ्या उतरताना चालत नाही. पाठीवर घेतलं की मूल अंगाला चिकटून बसतं, आपल्या डोक्याच्या आडोशाला राहतं, आणि त्याचं वजन आपल्या मणक्याजवळ असतं. ओझं जितकं पाठीपासून लांब तितकं ते मागे ओढतं. झोपलेलं मूल एका बाजूला कललं तर ती ओढ लगेच पावलात जाणवते.

पाठीवर घ्यायचं कसं, हे मी शिकले राजमाचीला. गडाच्या पायथ्याच्या उधेवाडीत आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथल्या मावशींचा नातू वर्षा-दीड वर्षाचा. सकाळी पाण्याला निघताना त्यांनी त्याला आधी डाव्या कडेवर घेतलं. मग अंगण झाडताना वाकतात तशा कमरेत वाकल्या आणि पोराला काखेखालून सरळ पाठीवर सरकवलं. पोर सवयीने बेडकासारखं पाय फाकून चिकटलं. वाकलेल्या अवस्थेतच त्यांनी जुनं लुगडं त्याच्या पाठीवरून टाकलं, एक टोक खांद्यावरून, एक काखेतून आणलं, आणि मग एक उसळी. अशी छोटी उसळी मारून त्यांनी पोर दोन बोटं वर घेतलं आणि गाठ ओढली. उभ्या राहिल्या तेव्हा नातवाची हनुवटी त्यांच्या खांद्याला लागलेली आणि लुगडं त्याच्या गुडघ्यांमागे ताणलेलं. मी लेकीला माझ्या बकलवाल्या कॅरियरमध्ये घेऊन शेजारी उभी. त्यांनी माझ्या लेकीच्या पाठीमागे हात घातला, कापड चिमटीत धरलं. चिमटीत बरंच आलं. म्हणाल्या, "पोर जड नसतं बाई, ढिलं बांधलं की जड होतं." आणि दोन्ही पट्टे त्यांनी स्वतः ओढून दिले.

त्या दिवशी राजमाचीच्याच श्रीवर्धन बालेकिल्ल्याच्या चढावर मला फरक कळला. वजन तेच होतं, पण ते माझ्या मागे मागे येत नव्हतं, माझ्याबरोबर येत होतं. तेव्हापासून चालायला लागण्याआधी ती चिमूट मी घेतेच. उसळीही मारते. कंबरपट्टा बेंबीच्या खाली, कंबरेच्या हाडांवर टेकवून आधी आवळायचा, मग मूल घ्यायचं, मग खांद्याचे पट्टे, आणि सगळ्यात शेवटी छातीवरचा. छातीवरचा पट्टा आधी लावला की खांदे आत ओढले जातात आणि श्वास पुरत नाही.

इथेच पाठीचा प्रश्न येतो. घरातला कॅरियर एक, पण पाठी दोन. माझा नवरा उंच, रुंद खांद्यांचा. माझं धड आखूड. फ्रेमच्या कॅरियरमध्ये पाठीची लांबी सरकवून बदलता येते, तरी दर अदलाबदलीला थांबून, मूल उतरवून, मापं बदलून, परत मूल चढवायचं. दमलेली माणसं हे करत नाहीत. "असू दे, थोडंच राहिलंय" म्हणून दुसऱ्याच्या मापाचा कॅरियर तसाच चढवतात, आणि मग पट्टा कंबरेच्या हाडावर न बसता पोटात रुततो, सगळं ओझं खांद्यांवर येतं. मऊ कॅरियरमध्ये तीन पट्टे ओढले की झालं. बायकांनी घेताना एक मुद्दाम बघावं: पट्टे पूर्ण आवळल्यावरही ढिले तर राहत नाहीत ना? बरेचसे कॅरियर मोठ्या मापावर बेतलेले असतात, आणि आपल्याकडच्या बारीक बांध्याच्या बाईला शेवटपर्यंत ओढूनही सैल होतात. आजीआजोबा मूल घेणार असतील तर त्यांनाही दुकानात घेऊन जा. त्यांना हात मानेमागे नेऊन बकल लावता येतं का ते बघा.

वाट आधी, असं म्हटलं ते राजगडाच्या उदाहरणाने सांगते. गुंजवण्याहून चोर दरवाजाने चढलात तर शेवटचा टप्पा अंगावर येणारा, रेलिंग धरून जायचा, आणि दरवाजा इतका लहान की मोठ्या माणसाला वाकूनच आत शिरावं लागतं. तिथे फ्रेमचा कॅरियर म्हणजे मुलाचं डोकं दगडाला. तिथे मी मऊ कॅरियरही नेणार नाही. पाली दरवाजाची वाट मात्र जुनी, रुंद, बांधीव पायऱ्यांची. चढ आहे, पण पाऊल ठेवायला जागा आहे आणि समोरून कुणी आलं तर बाजूला होता येतं. दोन्ही वाटा पद्मावती माचीवरच पोचवतात. गड तोच, आणि तरी एका वाटेला मूल नेता येतं, दुसरीला नाही. असंच लोहगडचं. लोहगडवाडीतून वर जाणारी पायऱ्यांची वाट, एकामागून एक चार दरवाजे, मुलाला दाखवायला इतकं छान. पण पावसाळ्यातल्या रविवारी त्याच पायऱ्यांवर अशी रेटारेटी असते की मूल पाठीवर घेऊन तिथे उभंही राहू नये. आडवारी जा, हिवाळ्यात जा. पेठ शहापूरहून कोरीगडाला पायऱ्या आहेत आणि वर तटाच्या कडेने मोकळं पठार, तिथे मुलाला उतरवून चालूही देता येतं. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर मूल पाठीवर घेतलेली माणसं मी पाहते तेव्हा मला त्यांना थांबवावंसं वाटतं. शिडीवर तुमचा हात सुटला तर ते मूल कशालाच धरू शकत नाही, त्याचे हात तुम्ही बांधून ठेवलेत.

आग्या मोहोळांचंही ध्यानात ठेवायला हवं. किल्ल्यांच्या कड्यांना, दरवाजांच्या कमानींना ती असतात. माश्या उठल्या तर मोठा माणूस पळतो, झोपतो, अंग झाकतो. बांधलेल्या मुलाला यातलं काहीच करता येत नाही. म्हणून गडावर आम्ही अत्तर, सुवासिक तेल काही लावत नाही, कुणी धूर करताना दिसलं तर लांबून जातो, आणि मूल आणि मी दोघी झाकल्या जाऊ एवढी मोठी जाड सुती ओढणी माझ्या गळ्यात कायम असते. तीच ऊन आलं की तिच्या डोक्यावर येते, कुठे बसलो की अंथरायला होते.

ऊन हा आपल्या डोंगरातला खरा शत्रू. कॅरियरमधलं मूल हलत नाही, पण आपलं अंग तापतं आणि ती सगळी ऊब त्याच्या छातीत जाते. कॅरियर म्हणजे अंगात घातलेला आणखी एक कपडा, हे धरूनच मुलाला कपडे घालावेत. पाठीवर घ्यायचं असेल तर पातळ सुती झबलं पुरतं. हिवाळ्यातल्या पहाटे याच्या अगदी उलट. आपल्याला घाम येत असतो आणि मागे लोंबणारी पावलं गार पडलेली असतात, कारण चालतोय आपण, ते नुसतं बसलंय. मी दर थोड्या वेळाने हात मागे नेऊन तिची पोटरी चाचपते. तासाभरात एकदा तरी मूल पूर्ण बाहेर काढायचंच, झोपलेलं असलं तरी. पाय झटकू दे, धावू दे, मुंग्या बघू दे. लेक कॅरियरमधून उतरली की आधी दगड उचलते, मग तो दगड मला धरायला देते, आणि परत चढताना तोच मागते. माचीवर सोनकी फुललेली असते तेव्हा दगडाऐवजी फूल. या थांब्यांमुळे वेळ दुपटीने लागतो. तो धरूनच निघावं, म्हणजे उतरताना अंधाराची घाई होत नाही.

पावसात आम्ही मूल घेऊन उंच जात नाही. हे आमचं ठरलेलं आहे, त्यावर घरात चर्चा होत नाही. भातखाचरांच्या बांधावरून, गावाच्या रस्त्याने फिरतो. तेव्हाही प्लॅस्टिकचा रेनकोट मुलाच्या तोंडावरून ओढू नका, हवा कोंडते. मावळात लावणीच्या बायका पाठीवर इरलं घेतात, त्याची रचना फार शहाणी आहे. वरून पाणी अडतं, समोरून आणि खालून हवा खेळते. आपल्याला साधी मोठी छत्री, आणि ती धरायला दुसरं माणूस.

प्रवासाचं गणित वेगळं. रेल्वेच्या डब्यात, एसटीत, स्टेशनच्या जिन्यावर फ्रेम अडचणच करते. बाकाखाली जात नाही, वरच्या फळीवर मावत नाही. रिंग स्लिंग किंवा मऊ कॅरियर घडी होऊन पिशवीच्या तळाशी बसतो, आणि गरज पडली की अर्ध्या मिनिटात मूल अंगावर. दोन कड्यांतून कापड ओढलेली रिंग स्लिंग डोंगरासाठी नाही, सगळा भार एका खांद्यावर येतो. पण देवळाच्या रांगेत, लग्नघरात, फलाटावर तिच्याएवढं सोयीचं दुसरं काही नाही. विमानतळावर तपासणीला मूल बाहेर काढावं लागतं हे धरून चाला, आणि विमान उडताना-उतरताना कर्मचारी सांगतील तसा मांडीवरच्या मुलाचा वेगळा पट्टा लावा. गाडीत तर कॅरियर म्हणजे सीट नव्हे. चालत्या गाडीत, दुचाकीवर मूल पोटाशी बांधलं म्हणजे ते सुरक्षित झालं असं मुळीच नाही. पायथ्यापर्यंतचा प्रवास मुलाने गाडीत त्याच्या स्वतःच्या सीटवर, पट्टा लावून करावा.

कमरेला बांधायचे, पुढे फळकुट असलेले हिप सीट हल्ली खूप दिसतात. घरात, बागेत ठीक. डोंगरात नको, कारण त्यात एक हात मुलाभोवती ठेवावाच लागतो.

विकत घेण्याआधी एक करा. दुकानात दोन मिनिटं आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. ओळखीत कुणाचा कॅरियर असेल तर दोन दिवस मागून आणा, मूल त्यात घ्या आणि इमारतीचा जिना उतरा. लिफ्ट सोडून, चार-पाच मजले, सावकाश, कठड्याला हात न लावता. उतरताना पायरी दिसते का, मूल डुलतं का, खांद्यात कुठे ओढतं, खाली पोचल्यावर गुडघे काय म्हणतात. एवढ्यात सगळं समजतं. वापरलेला कॅरियर घ्यायला हरकत नाही, मूल लवकर मोठं होतं आणि वस्तू चांगलीच राहते. पण पट्टा जिथे कापडाला शिवलाय तो जोड दोन्ही हातांनी खेचून बघा, बकल बंद करताना टक् असा आवाज येतो का ऐका, आणि प्लॅस्टिकला पांढरी रेघ दिसली तर परत करा. फ्रेमचा असेल तर मुलाच्या पायांची भोकं त्याच्या मापाला आवळता येतात ना, हे मूल आत बसवूनच बघायचं. लहान चणीचं मूल मोठ्या भोकातून खाली सरकू शकतं.

लेक आता तिसरं वर्ष ओलांडून गेलीय. चढताना तिला उचललेलं खपत नाही. "मी माझी" म्हणते आणि चार पायांवर दगड चढते. उतरताना मात्र थकते, पाय ओढायला लागते, आणि नेमकी तिथेच वाट अवघड असते. म्हणून कॅरियर अजून सॅकमध्ये असतो, मोठ्या मुलांच्या मापाचा, रुंद पाठीचा. चौदा किलो पाठीवर घेऊन उतरायचं म्हणजे मी काठी घेते, नवरा माझ्या पुढे दोन पावलं, तिरका, हात मागे केलेला. ती कानाशी बडबडत असते. खेकडा दिसला, आजोबा दिसले, कुत्रा आपल्याबरोबर येतोय. पाठीवर बसून तिने मला दाखवलेलं कितीतरी माझ्या एकटीच्या भटकंतीत मला दिसलं नव्हतं. हे ओझं वाहण्यातलं सुख आहे, आणि ते फार दिवस मिळणारं नाही हे मला ठाऊक आहे.

डिसेंबरात राजगडाचा बेत आहे. आदल्या रात्री पायथ्याला मुक्काम, पहाटे पाली दरवाजाने चढायचं, पद्मावती माचीवर थांबायचं आणि त्याच वाटेने खाली. फ्रेमचा कॅरियर एका मित्राने देऊ केलाय. त्याला नको म्हणून कळवलंय. बालेकिल्ल्याची वाट खडी आहे, तिथे तिला न्यायचं नाही. आम्ही दोघं आळीपाळीने जाऊन येऊ, एक जण खाली तिच्याजवळ.